नाडीवर भाजलेला पाव

ती. दादास,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (पोट मध्ये येत असल्यामुळे आठही अंगं जमिनीला टेकत नाहीत. जेवढी टेकली तेवढ्यांचा नमस्कार गोड मानून घे.)

इकडे सगळं खुशाल. भट्टी खुशाल, ही खुशाल, माझं प्रेशर तर इतकं खुशाल की डॉक्टरीणबाई आकडा लिहून घेताना स्वतःशीच हसतात. तुझी खुशाली मात्र तू कळवलीस तशी नाही, हे वहिनींच्या फोनवरून समजलं. भट्टीसमोर डोळ्यांपुढे अंधारी येऊन तू पिठाच्या पोत्यावर बसलास, त्याला तू 'जरा टेकलो' म्हणतोस. डॉक्टरांनी तुला माझीच ती ठोके आवरणारी गोळी लिहून दिली, आणि ते पाकीट तू न फोडता यीस्टच्या डब्यामागे सारून दिलंस. का, तर म्हणे धाकट्याने ती गोळी खाल्ली आणि त्याची बेकरी बुडायला आली. ही बातमी तुला कुणी दिली ते मी ओळखून आहे. (मैद्याचा एजंट. तो आपल्या दोघांच्याही दारात मैद्याबरोबर बातम्या उतरवतो आणि दोन्हींत कोंडा असतो.) तेव्हा खरी हकीकत माझ्याकडूनच ऐक. मी स्वतः त्यातून गेलो आहे, आणि या गोळीबद्दल मला जेवढं कळतं तेवढं आता डॉक्टरीणबाईंनाही कळत नसेल.

सुरुवात हिच्या गुडघ्यापासून झाली. गुडघा दाखवायला मी हिला घेऊन गेलो होतो. बाईंना वेळ होता म्हणून त्यांनी माझ्याही दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, आणि त्यांचा चेहरा भट्टी विझल्यासारखा झाला. मी लगेच सांगितलं, यंत्र बिघडलंय. त्यांनी दुसरं आणलं. मी म्हटलं, तेही बिघडलंय. मग माझ्या आग्रहाखातर त्यांनी बाहेर बसलेल्या दोन पेशंटांचं आणि केर काढणाऱ्या बाईंचं प्रेशर मोजलं. सगळ्यांचं नीट निघालं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आमच्या घराण्यात प्रेशर नाही, आमच्यात फक्त राग आहे. यावर ही मागून म्हणाली, तेच लिहा. बाईंनी दम्याचं विचारलं, साखरेचं विचारलं, बराच वेळ मनगट धरलं आणि म्हणाल्या, प्रेशर वेगळं आणि ठोके वेगळे, पण तुमच्यात दोन्ही एकाच वेळी उधळलेत. मग त्यांनी बीटा ब्लॉकर नावाची ही गोळी दिली. काम कसं करते तर असं: आपल्याला राग आला, धास्ती बसली, की हृदयाला आतून सारखा हुकूम सुटतो, पळ, पळ. ही गोळी त्या हुकमाला दारातच बसवून ठेवते. (आपल्याकडे उधारी मागायला आलेल्यांना आई बसवून ठेवायची तसं. चहा पाजून, गोड बोलून, पण आत सोडायची नाही.)

दादा, गोळीचा गुण मी नाकारणार नाही. पहिल्याच आठवड्यात एजंटाने ओलसर मैदा आणून टाकला. एरवी मी काय केलं असतं हे तू जाणतोस. मी म्हटलं, असू दे, होतं असं. एजंट इतका घाबरला की पोती उचलून परत घेऊन गेला. हिने घाबरून वहिनींना फोन लावला की ह्यांना काहीतरी झालंय, हे ओरडत नाहीयेत. जरा थकवा वाटायचा, जिना चढताना पाय जड व्हायचे, हात गार पडायचे. पण बिस्किटांच्या पिठाला गार हात किती मानवतात हे तुला सांगायला नको. लोणी हातात वितळत नाही. अशी खुसखुशीत बिस्किटं मी आयुष्यात केली नव्हती. म्हणजे कालवली नव्हती. भाजण्याचा भाग वेगळा, तिकडे आता येतो.

पाव जळायला लागले. नुसते वरून लाल नाहीत, तर खालून कोळसा. बिस्किटं तर ठोकून वाजवून बघावीत अशी. आता आपली पद्धत काय ते तुला ठाऊकच आहे, तूही तीच चालवतोस, पण हे पत्र वहिनी मोठ्याने वाचतील आणि शेजारीपाजारी ऐकतील, म्हणून लिहितो. बाबांनी बेकरीत कधी घड्याळ लावू दिलं नाही. डाव्या हाताची नाडी धरायची, शंभर ठोके झाले की एक बोट मिटायचं. बिस्किटांना एक मूठ, पावाला दोन मुठी. घड्याळाचं नाव काढलं की बाबा म्हणायचे, घड्याळ बंद पडलं तर पाव जळतो, आणि नाडी बंद पडली तर पावाची काळजी कुणाला? आपण दोघे गिऱ्हाइकांना हे किती कौतुकाने सांगत आलो. आमच्याकडचा पाव यंत्रावर नाही, रक्तावर भाजतो!

तेव्हा माझी मूठ चुकेल हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मी एकेकाला शिस्तीत धरलं. आधी लाकूड बदललं. मग मैदा बदलला. मग आपल्या जुन्या भट्टीवाल्याला म्हणालो (अगदी शांतपणे, गोळीच्या गुणाने), बाबा रे, तुझं वय झालं, जाळ जास्त लावतोस. त्याने लांब दांड्याची फळी भिंतीला टेकवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि तो निघून गेला. मी ओरडलो असतो तर तो थांबला असता, नेहमी थांबतो. माझ्या शांतपणाचा त्याला अपमान वाटला. मग मीच जाळ कमी केला, तर पाव फुगेनात आणि तरी जळत. शेवटी माझ्या लक्षात आलं की गडबड आपल्या बेकरीत नाही, जगात आहे. रेडिओवरच्या बातम्या वेळेआधी लागायला लागल्या होत्या. समोरच्या कारखान्याचा भोंगा माझ्या दोन मुठी व्हायच्या आत वाजायचा. दूध हां हां म्हणता उतू जायचं. मी हिला समजावून सांगितलं की हल्ली सगळ्यांनाच घाई झालीय, आपण तेवढे आपल्या चालीने चाललोय. ही नुसती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं पटलं असावं.

त्यातच शाळेच्या खेळांच्या दिवसाची ऑर्डर आली. सगळ्या पोरांना पुरतील एवढे गोल पाव. मी स्वतः उभा राहिलो, एकेक ठोका मोजला, दोन मुठी काटेकोर पुऱ्या केल्या. खेळाचे मास्तर टोपली घ्यायला आले, एक पाव हातात घेतला, वजन बघितलं आणि विचारलं, हे गोळाफेकीसाठी आहेत का? पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या यंत्रवाल्या बेकरीत जावं लागलं. दादा, तिथे! जिथे पाव पट्ट्यावरून येतो आणि त्याला माणसाचा हातही लागत नाही! एजंटाने तुला सांगितलं ते इथपर्यंत.

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की दोष गोळीचा. हाताची चव गेली, दुसरं काय. कुणाला न विचारता गोळी बंद केली. हिला वाटावं मी घेतोय म्हणून रोज सकाळी पाणी मात्र पीत होतो. पहिल्या दिवशी पाव असा निघाला की मीच त्याच्याकडे बघत उभा राहिलो. मी छाती काढून गल्लीतून एक चक्कर मारून आलो. दुसऱ्या दिवशी ठीक. आणि मग पाव कच्चे निघायला लागले! वरून पांढरेफटक, आत चिकट गोळा. मी मुठी मोजतोय, दोन मुठी होतायत, झटपट होतायत, आणि पाव कच्चा. रेडिओ उशिरा लागतोय, भोंगा वाजता वाजत नाहीये. मी म्हणालो, चला, जगाला थकवा आला. आणि तेवढ्यात छातीत असं काही धडधडायला लागलं की मला भट्टीची झडप धरता येईना. कानांत घण वाजत होते. मीही जरा टेकलो, दादा. पिठाच्या पोत्यावरच.

हिने मला रिक्षात घातलं. बाईंनी पट्टा बांधला, खरं काय ते एका प्रश्नात काढून घेतलं आणि मला असं झापलं की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले. ही गोळी मनाला आलं आणि सोडली असं करायचं नसतं, हृदय दुप्पट उसळून येतं, त्यात माणूस जाऊ शकतो. त्रास झाला तर आधी विचारायचं, कमी करायची तर डॉक्टर हळूहळू कमी करतात. (हे वाक्य दोनदा वाच. वहिनी, तुम्ही तीनदा.) मग त्यांनी माझी नाडी धरली आणि हातातल्या घड्याळाकडे बघायला लागल्या. सवयीने मीही मोकळ्या हाताचं बोट गळ्याच्या शिरेवर ठेवून, त्यांच्या काट्याकडे बघत मोजत होतो. त्यांनी हात सोडल्यावर मी त्यांच्या भल्यासाठी सांगितलं, बाई, तुमचं घड्याळ दुरुस्तीला टाका. फेरतपासणीला आलो होतो तेव्हा ते पळत होतं आणि आज मागे पडतंय.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, घड्याळ तेच आहे. मग ही हळूच म्हणाली, अहो, म्हणजे आपला पाव कुणाच्या घड्याळावर भाजतो? आणि त्यानंतर ही जी हसायला लागली, ती डोळ्यांना पदर लावून, गुडघा धरून, भिंतीला टेकून. मला काय ते समजायला थोडा वेळ लागला (गोळी बंद असूनही). गोळीने ठोके संथ झाले, म्हणून माझी मूठ लांबली, म्हणून पाव जळले. गोळी सोडली, ठोके उधळले, मूठ आखडली, म्हणून कच्चे. लाकूड निर्दोष, मैदा निर्दोष, जग आपल्या जागी. भट्टीवाल्याकडे मी त्याच दिवशी गेलो आणि त्याच्यावर दारातूनच ओरडलो. तो लगेच कामावर आला.

येताना वाटेत एक घड्याळ घेतलं. पांढरं, गोल, मोठ्या आकड्यांचं, गजर होणारं. ते बाबांच्या फोटोसमोर लावलं. (फोटोने काही म्हटलं नाही. मी थोडा वेळ वाट बघितली.) बाईंनी गोळी पुन्हा सुरू केली, मात्रा जरा बदलली, आता थकवाही नाही. प्रेशर उतरलं, पाव सोनेरी, बिस्किटं खुसखुशीत, आणि खेळाच्या मास्तरांनी परवा स्वतःहून येऊन दोन डझन पाव नेले, खाण्यासाठी. तेव्हा गोळीने बेकरी बुडत नाही. आडमुठेपणाने बुडते, आणि तो आपल्या दोघांत सारखाच वाटलेला आहे.

वहिनींना नमस्कार. सगळ्यांनी तब्येती सांभाळाव्यात, हे आता मी अधिकाराने सांगू शकतो.

तुझा,
धाकटा

ता. क. पार्सलमध्ये तसलंच दुसरं घड्याळ पाठवतो आहे. बॅटरी घातलेली आहे. बिस्किटांना किती मिनिटं, पावाला किती, ते आम्ही भट्टीवाल्याबरोबर भाजून बघून मागच्या बाजूला चिकटवलं आहे. बाबांच्या फोटोसमोर लाव, फोटो काही बोलत नाही.

ता. क. दुसरा. हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, एवढी पानं लिहिलीत आणि बाईंनी शेवटी काय विचारलं ते गाळलंत. ते मी जागेअभावी गाळलं होतं. आता जागा आहे तर लिहितो. निघताना बाईंनी विचारलं, ही मुठीची मोजणी कुणाच्या नाडीवर ठरली? मी अभिमानाने सांगितलं, आमच्या वडिलांच्या. त्या म्हणाल्या, पाव भाजायला लागतो तेवढ्या वेळात दोन मुठी होत असतील तर त्यांचे ठोके फार पळत होते. ते कशाने गेले? मी सांगितलं, भट्टीसमोर, उभ्या उभ्या. त्यांनी पेनाला टोपण लावलं. दादा, आपण घराण्याची मूठ म्हणून जी मिरवली ना, तो बाबांचा आजार होता. आपल्या दोघांची मूठ त्यांच्या मुठीशी इतकी बरोबर जुळली, त्याचं आपल्याला केवढं कौतुक वाटायचं.

ता. क. तिसरा, हा वहिनींनी मोठ्याने वाचू नये. बाबा गेले त्या दिवशी तू भट्टीतून पाव काढायला धावलास, जळाले तर बाबा उठून ओरडतील म्हणून. ते पाव कच्चे निघाले, आणि आपल्याला कधी कळलं नाही की कच्चे का. तू तिकडे होतास तेव्हा बाबांचा हात माझ्या हातात होता. एक मूठ होऊन गेली असावी. दुसरीची तीन बोटं मिटलेली होती, दोन उघडी. मी हे आजवर कुणाला सांगितलं नाही. मी फार घाबरलोय रे दादा, माझ्यासाठी नाही. यीस्टच्या डब्यामागचं पाकीट काढ, आजची गोळी घे आणि मला फोन कर. मी घड्याळासमोर बसलोय.