बॅटरीचं पाणी

उमरगा

प्रिय भुवना,

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. फोनवर मी काही बोलायला लागलो की तू 'मामा, गोळी घेतली का' म्हणतेस अन् माझं बोलणं तिथंच अडतं. कागद मधे बोलत नाही, म्हणून कागद घेतला.

परवा तुझा भाऊ वीरप्पा दुकानात आला होता. हायवेवरच्या माझ्या त्या दुकानात आता रेडिओ कमी अन् मोबाईलचे चार्जर जास्त. त्यातनंच वाट काढून स्टुलावर बसला. चहा निवला तरी कपाला हात लावेना. मग म्हणाला, 'मामा, परंड्याचे दिग्विजय सर हाईत ना, अक्काच्या शाळेतले, त्यांनी अक्काला मागणी घातलीय. माणूस लई गुणी. पण अक्का न्हाय म्हणतीया. म्हणती, दर अमावस्येला मला उमरग्याला जावं लागतं, बॅटरीत पाणी घालायला.' एवढं बोलून त्यानं तो गार चहा एका दमात पिला. माझ्या हातात सोल्डरिंगची सळई होती. ती नुसतीच तापत राहिली.

तू नवी नवरी होऊन आलीस, तेव्हा शंभू तुला घर दाखवायच्या आधी गच्चीवर घेऊन गेला होता. तुझी सासू इरम्मा खालून ओरडली, 'अरे, तिला पाणी तरी पिऊ दे.' पण त्याला तुला तो टोपण कापलेला ट्रान्झिस्टर दाखवायचा होता. शंभू शाळकरी असताना आम्ही बापलेकांनी तो नाण्याएवढा सुटा भाग मोडक्या अॅम्प्लिफायरमधून काढला, वरचं टोपण करवतीनं कापलं अन् उन्हात धरला. मीटरचा काटा जरासा हलला. जास्त नाही, अर्धा व्होल्ट. पण पोरगं मीटर सोडून माझ्या तोंडाकडं बघायला लागलं, जसं मीच कुठून फुंकर घातली.

मग रोज त्याला उन्हातून वीज कशी निघाली त्याचीच गोष्ट पाहिजे. मी सातवी शिकलेला, डिक्शनरी मांडीवर घेऊन जुनी मासिकं वाचायचो अन् त्याला सांगायचो. फ्रान्समधल्या एका एकोणीस वर्षांच्या पोरानं बापाच्या प्रयोगाच्या खोलीत उजेडातून वीज निघते हे पहिल्यांदा ओळखलं. यावर शंभू म्हणाला, 'म्हंजे पोरानं बापाचं सामान उचकलं म्हणून शोध लागला. अन् तुमी मला ओरडता.' पुढं सेलेनियमचे पत्रे आले, अमेरिकेत कुणी ते छपरावरही मांडले, पण वीज मिळायची ती पीठ चाळून कोंडा हाती यावा तशी. मग पुष्कळ वर्षांनी एकाच्या हाती सिलिकॉनचा तडकलेला तुकडा लागला. आपण असतो तर उकिरड्यावर टाकला असता. त्यानं त्याच्यावर दिवा धरला, अन् त्या तड्यापाशीच वीज उठली. तिथून चौदा-पंधरा वर्षांनी तिघांनी मिळून सिलिकॉनची चकती केली अन् उन्हावर एक खेळण्यातला पाळणा फिरवून दाखवला. सोनारीच्या जत्रेत असतो तसा, फक्त हातभर. शंभूला तो पाळणा लई आवडायचा.

आपल्या गच्चीवरचा सोलरचा पत्रा, जिन्याखालची बॅटरी, ओसरीवरचा दिवा, हे त्याच्या पहिल्या कमाईचं. एकदा बॅटरीतलं पाणी आटलं म्हणून इरम्मानं रांजणातलं तांब्याभर ओतलं. वर म्हणते कशी, 'चांगलं गाळून घातलंय.' शंभूनं कपाळाला हात लावला. 'अव्वा, तिला विकतचं पाणी लागतं, आपलं न्हाय.' 'मग लई मोठ्या घरची दिसती तुझी बॅटरी,' इरम्मा म्हणाली. ती बॅटरी बसली, नवी आली अन् त्या दिवसापासून पाणी घालायचं काम तुझ्याकडं आलं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. विसर पडू नये म्हणून तूच अमावस्या धरलीस.

माकणीला सोलरचा पंप बसवून येताना रस्त्यात शंभू गेला. त्यावर मी काही लिहीत नाही, तुला सगळं ठाऊक आहे. तुझी परंड्याला नोकरी लागली, तरी दोन गाड्या बदलून तू येत राहिलीस. चप्पल काढली की आधी जिन्याखाली, मग गोड हुग्गीचं ताट. तुझी सासू दोन दिवस आधीपासून गहू भिजत घालते अन् मी दुकान लवकर बंद करून स्टँडवर येतो. खरं सांगू, महिना आम्ही त्या एका दिवसावर काढतो.

शंभूला एक गोष्ट मी नेहमी अर्धीच सांगायचो. अमेरिकेनं बेलफळाएवढा एक उपग्रह आभाळात सोडला. त्यात बोलणारी दोन यंत्रं. एक बॅटरीवरचं, ते थोड्याच दिवसांत गप झालं. दुसरं उन्हाच्या चकत्यांवरचं, ते सहा वर्षं बोलत राहिलं. इथवर सांगून मी थांबायचो, कारण पोराचे डोळे चमकायचे. पुढचं असं की सहा वर्षांनी तेही गप झालं. उपग्रह मात्र पडला नाही. आजही फिरतोय, आपल्या डोक्यावरून, मुक्यानं. आमचं आता तसं आहे. आम्ही फिरत राहू, पोरी. पण आमच्या आवाजाला कान लावून तू जन्म काढू नकोस.

काल मी बॅटरी काढली. ती मेली नव्हती, खोटं कशाला सांगू. तुझ्या हातचं पाणी पिलेली, अजून पुष्कळ चालली असती. काढायला इरम्मानंच सांगितलं. मी वीरप्पाचं बोलणं सांगितलं तेव्हा ती सुपातले खडे वेचत होती, मान वर न करता म्हणाली, 'पोरगी बांधून ठिवलीय आपण. सोडा तिला.' पत्र्याची वायर आता सरळ जुन्या रेडिओला जोडलीय. ऊन आहे तोवर वाजतो, ढग आला की गप, ढग सरला की पुन्हा सुरू. आता या घरात तुझ्या हातचं पाणी मागणारं काही राहिलेलं नाही. दिग्विजय सरांना हो म्हण. येळवसीच्या सणाला शेतात भज्जी अन् अंबील खायला ये, पण जोडीनं ये. ही येणारी अमावस्या मात्र येऊ नकोस. माझे पाय सवयीनं स्टँडकडं वळतील, ते माझं मी बघीन. परंड्याकडची गाडी लागेल, माणसं उतरतील. त्यात तू नसावीस, एवढंच सिद्धेश्वराकडं मागणं आहे.

तुझाच,
मामा