लाल लोकरीचा गळ

प्रिय पाराशा,

हे पत्र उभ्या उभ्या वाचू नकोस. ओल्गामावशीच्या स्वयंपाकघरात खिडकीशी ती मोडक्या पाठीची खुर्ची आहे, तिथे बस आणि मग पुढे वाच. बापानं तुला जन्मात कधी पत्र लिहिलं नाही, त्यामुळे पाकिटावरचं अक्षर बघूनच कुणीतरी गेलं असं तू धरून चालशील. कुणी गेलेलं नाही. मीही ठीक आहे, डावा गुडघा सोडला तर, आणि त्याची तक्रार तू ऐकून ऐकून कंटाळली आहेस. फोन केला असता, पण फोन नादियाच्या दुकानात. तिथे मी जे बोलतो ते दिवस मावळायच्या आत नदीच्या दोन्ही काठांना कळतं, आणि हे आधी तुला कळायला हवं.

इकडे काठाकाठानं बर्फ धरायला लागलाय. तंबू उतरवले, तराफा पालथा करून ठेवला, अस्वलांसाठीच्या कुंपणाची वीज काढली. धुरीच्या खोपटात या वर्षी नेहमीच्या निम्मेच सॅमन आहेत, कारण कापायला तू नव्हतीस आणि माझ्या एकट्याच्यानं काही होईना. पट्ट्या जाडजाड निघाल्या. नादिया एक तुकडा चावून म्हणाली, "एफिम, हा मासा आहे का बुटाचा तळवा? पोरीला बोलावून घे." मी हसलो, पण त्यानंतर तिच्या दुकानात चार दिवस गेलो नाही. कोहो सॅमन अजून थोडे वर चढताहेत, लाल झालेले, अंगावर पांढरे चट्टे पडलेले. ट्राऊट त्यांच्यामागे अंडी खात फिरताहेत. या दिवसांत आपण दोघं खालच्या वळणावर जायचो. यंदा मी गेलो नाही.

थोरल्या अस्वलिणीची दोन्ही पिल्लं मात्र तिथेच आहेत, वरच्या टेकाडावरून दिसतात. तुला सांगू की नको, असं दोनदा मनात आलं. पण तू विचारणारच. मोठं बरं दिसतं. धाकटं हडकलंय, आणि ते दिवसभर रेतीच्या दांड्यावर बसून पाण्याकडे बघत राहतं, आई मासा घेऊन वर येईल अशी वाट बघत असल्यासारखं. वन्यजीव खात्याचे अधिकारी म्हणाले, हात लावू नका, जगली तर जगतील. मोठा बर्फ पडायच्या आत त्यांना बीळ सापडलं म्हणजे मिळवली.

आता एकवीस तारखेचं. परवाना समितीचं पत्र इकडेही आलंय, कारण मासेमारीचा तळ माझ्या नावावर आहे. त्यात लिहिलंय की तुझा मार्गदर्शकाचा परवाना कायमचा काढून घ्यायचा का, यावर त्या दिवशी निर्णय होईल. पाहुण्यांच्या जिवाला धोका होईल असा निष्काळजीपणा. मी ते वाचलं आणि डबीत ठेवून दिलं. पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. तुला सातव्या वर्षापासून दुसरं काहीच करायचं नव्हतं हे मला ठाऊक आहे. शहरात मासे पॅक करण्याच्या कामावर तू फार तर दोन हिवाळे टिकशील, मग मनानं सुकून जाशील. अस्वलिणीनं पाडलेले ते पाहुणे, दातांचे डॉक्टर ब्रँट, बरे आहेत म्हणे. खांदा जुळला, हात डोक्याच्या वर जात नाही. त्यांनी तुझ्याविरुद्ध एक शब्द लिहिलेला नाही. बोलतात ती आपलीच माणसं. कुणी म्हणतं तराफ्यात माशांची आतडी ठेवली असतील, कुणी म्हणतं फोटोच्या नादात गळाची दोरी कापायला उशीर केला. अस्वल उगाच कुणाच्या अंगावर येत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगतं. आणि ते खरंच आहे.

आपला नियम तुला मीच शिकवला. तुझा पहिला मोठा मासा आठवतो ना? सात वर्षांची होतीस, काठी तुझ्यापेक्षा दुप्पट उंच, आणि गळाला लागलेला सॅमन तुलाच पाण्यात ओढायला निघाला होता. तेवढ्यात पलीकडच्या झुडपांतून अस्वल बाहेर आलं. मी चाकू काढला, दोरी कापली, मासा गेला. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. जेवताना आईला सांगायचीस, "आई, त्या माणसाला म्हणावं मीठ दे." तुझी आई मला म्हणाली, "आधी पोरीची समजूत काढा, मग जेवा." तेव्हा मी तुला घेऊन काठावर बसलो आणि सांगितलं. अस्वलाला स्वतःच्या पंजानं मासा धरू दे, तो त्याचा. पण माणसाच्या गळाचा मासा एकदा त्याच्या तोंडी लागला, की रीळ फिरल्याचा आवाज म्हणजे त्याला जेवायची हाक वाटते. मग ते आवाजाच्या दिशेनं धावत येतं आणि मधे माणूस आहे हे बघत नाही. म्हणून अस्वल दिसलं की दोरी कापायची. मासा कितीही मोठा असो, पाहुणा कितीही आरडाओरडा करो. तू विचारलंस, "आणि बाबा, तुमचा मासा असला तर?" मी म्हणालो, "माझा असला तर सगळ्यात आधी."

इतक्या वर्षांत तू एकदाही चुकली नाहीस. मी बघत होतो ना.

ऑगस्टच्या सत्तावीस तारखेचं तू सांगितलंस ते मला शब्दन्शब्द पाठ आहे. ब्रँटच्या गळाला मासा लागला, रीळ ओरडली, आणि थोरली आल्डरच्या झाडीतून सरळ निघाली. तू तिला बघितल्याबरोबर दोरी कापलीस. मासा सुटला, तरी ती थांबली नाही. वारा तुमच्या तोंडावर होता म्हणून मिरचीचा फवारा उपयोगाचा नव्हता. तिनं ब्रँटना खाली पाडलं आणि तू गोळी घातलीस. जिला तू लहानपणापासून ओळखत होतीस, जिच्या खांद्यावरचा तो फिकट पट्टा तू वहीत काढायचीस, तिला. मग ब्रँटना विमानात घालून पाठवलंस आणि कुणी येईपर्यंत दोन तास तिच्याजवळ एकटी बसून राहिलीस.

मी आलो तेव्हा अधिकारी आला होता, वैमानिक होता, गावातली आठ-दहा माणसं होती. तू माझ्याकडे आलीस आणि म्हणालीस, "बाबा, मी कापली होती." आणि मी सगळ्यांसमोर काय म्हणालो? "कापली असतीस तर ती थांबली असती." एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. अधिकाऱ्यानं विचारलं तेव्हा मी त्याला सांगितलं, "पोरगी चांगली आहे, पण चाकू काढायला हात जरा जड आहे." त्यानं ते लिहून घेतलं. समितीच्या पत्रात ते वाक्य आहे, अवतरणचिन्हांत, खाली माझं नाव. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस, मला वाटलं रागानं. तिसऱ्या दिवशी पिशवी भरून मावशीकडे निघून गेलीस.

पाराशा, आता जे लिहितो आहे ते लिहायला मला सात आठवडे लागले. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी पाहुणे नव्हते. तू विमानानं सामान आणायला गेली होतीस. मी खालच्या वळणावर एकटा गेलो. पाण्यात पडलेल्या त्या स्प्रूसच्या झाडाखाली जो रेनबो ट्राऊट राहतो, ज्यानं तीन वर्षं मला झुलवलं, तो त्या दिवशी लागला. पोरी, तो माझ्या हाताएवढा होता, खांद्यापासून बोटांपर्यंत. अर्धा तास झुंजलो. काठापासून दहा पावलांवर आणला, आणि झाडीतून थोरली बाहेर आली. चाकू छातीवरच्या खिशात होता. माझा हात तिकडे गेला, हे मी शपथेवर सांगतो. आणि मी तो मागे घेतला. मला वाटलं, अजून एक मिनिट. अडुसष्ट वर्षांचा झालोय, गुडघा असा, पुढच्या वर्षी या खडकांवर उतरवेल की नाही कुणास ठाऊक, असा मासा पुन्हा कधी? मी रीळ फिरवत राहिलो. ती पाण्यात उतरली आणि तिनं तो माझ्यासमोर उचलला, गळासकट. दोरी तटकन तुटली. तिथेच बसून तिनं तो खाल्ला, पिल्लांनाही दिला. मी उभा राहून बघत होतो.

हे एवढंच असतं तर मी स्वतःला माफ केलंही असतं. पण पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेलो, बघायला. गळाला काही नसताना रीळ नुसती हातानं ओढली. ती शंभर पावलांवरून पळत आली. मी काठावर चढून निघून आलो. म्हणजे मला कळलं होतं, पाराशा. तिथे काय झालंय हे त्या दिवशी मला पक्कं कळलं होतं. तळावर येऊन मी एक वाक्य बोलायला हवं होतं, की खालच्या वळणावर या वर्षी कुणी जायचं नाही. पण मग तू विचारलं असतंस, का? आणि ज्यानं गावातल्या दोन पिढ्यांना दोरी कापायला शिकवलं, त्याला उत्तर द्यावं लागलं असतं. मला लाज वाटली. त्या लाजेपायी मी पंधरा दिवस गप्प बसलो, आणि सत्तावीस तारखेला सकाळी तू म्हणालीस, "ब्रँटना खालच्या वळणावर नेते," तेव्हा मी कॉफी ओतत होतो. मी म्हणालो, "बरं."

काल दुपारी बाहेर हिमाची भुरभुर लागली, तेव्हा गळ बांधायला बसलो. दर हिवाळ्यासारखी तुझ्या आईच्या लाल हातमोज्यांची पेटी काढली. तुला हे आवडत नाही, ठाऊक आहे. लुकेरिया गेल्यापासून सहा वर्षं मी त्या एका मोज्याची लोकर उसवून गळाला गुंडाळतो आणि तू ओरडतेस, "आईला सगळी नदीत घालवणार तुम्ही." म्हणून तर दुसरा मोजा तू घेऊन गेलीस. ते गळ मी पाहुण्यांना देत नाही, तुलाही देत नाही, ते फक्त माझ्या काठीला. मोज्याची थोडीच लोकर उरलीय, अंगठा आणि तळहाताचा तुकडा. मी लोकरीचं टोक शोधायला अंगठ्यात बोट घातलं आणि काहीतरी टोचलं. आत माझा गळ होता. लाल लोकर, माझी गाठ, वाकडं झालेलं टोक, आणि त्याला चिकटलेले दोन तपकिरी केस. ते केस कुणाचे हे मला कुणी सांगायला नको होतं.

 त्या दोन तासांत तू तिच्या जबड्यातून तो काढलास. अधिकारी यायच्या आत काढलास. म्हणजे "कापली असतीस तर ती थांबली असती" असं मी चारचौघांत म्हणालो, तेव्हा तो तुझ्या खिशात होता. तू नुसता हात बाहेर काढला असतास तरी पुरे होतं. तू तो मला अडकवायला ठेवला नाहीस. मोज्याच्या अंगठ्यात ठेवलास, जिथे हिवाळ्यात एकट्या माझंच बोट जाणार होतं. आणि सात आठवडे मला वाटत होतं की माझं गुपित नदीत बुडालंय.

हे पत्र सोमवारच्या टपालाच्या विमानानं येईल आणि गुरुवारी मी येईन. मागून येतोय तर लिहायचं कशाला, असं तू म्हणशील. एक तर लिहून पाठवलं की मला माघार घेता येणार नाही, आणि माझा आता माझ्यावर भरवसा नाही. दुसरं, तू एकवीस तारखेला काहीतरी खोटं बोलणार आहेस, असं मावशीनं नादियाला सांगितलं आणि नादियाच्या पोटात काय राहतं? कुणाला वाचवायला ते मला काल कळलं; ते बोलू नकोस. मी आधी उभा राहीन. गळ माझ्या शर्टाच्या खिशात आहे, तो त्यांच्या टेबलावर ठेवीन आणि दोन्ही रविवारचं सांगेन, त्याच्याशेजारी माझा परवाना ठेवीन. गळ तू काढलास का, असं त्यांनी विचारलं तर खरं सांग, त्याचं काय व्हायचं ते होईल. मला माफ कर असं लिहिणार होतो, पण ते थोरलीलाही म्हणायला हवं, आणि ब्रँटना, आणि त्या दांड्यावर बसलेल्या पिल्लाला, म्हणून आधी काम करून दाखवतो. विमानतळावर आली नाहीस तरी चालेल, मावशीचं घर मला सापडतं. तुझा हात जड नाही, पोरी. कधीच नव्हता. हे मी तिथे मोठ्यानं म्हणेन, आणि त्यांना लिहून घ्यायला लावीन.

तुझाच,
बाबा