पत्र्यावरची नावं

माय पंचफुलाबाईस, नेपाळातून शिवहारचं पायावर डोकं.

पुरानं पाडलेल्या घरांवर पत्रे चढवून राहिलो. तब्येत बरी हाय, खांदे तेवढे ठणकतात. तुझा गुडघा कसाय?

तू जवळा बाजार गावात पूरग्रस्तांसाठी झोळी फिरवलीस, त्याच पैशाचे हे पत्रे. पण पत्र्यांवर देणगीदारांची नावं रंगवून जीव विटला, माय. रोज कुणीतरी फोटो मागतं, वर आपलं नाव बारीक काहून म्हणून भांडतं.

शेवटचा पत्रा तुझा, बाबाच्या स्मरणार्थ दिलेला. ब्रश उचलला तर घरची म्हातारी हात जोडून म्हणाली, "माझ्या लेकाचं नाव लिही. पुरात गेला, त्याचा फोटोबी उरला न्हाई."

बाबाच्या जागी त्याचंच लिहिलं. रागावू नको. आपल्या भिंतीवर बाबाचा फोटो तरी हाय.

तुझा थकलेला,
शिवहार