अंबातोचं कुणी आहे का?

फ्लोरियाना बेट, ९ जून

प्रिय रोसाल्बाताई,

सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे. बोटीवर सोळा पाहुणे आहेत, सगळे उजाडायच्या आत गळ्यात दुर्बिणी अडकवून तयार. समुद्रसिंहांच्या पिल्लांना हात लावू नका, हे मी झोपेतही बडबडतो म्हणे. आईचे गुडघे काय म्हणतात?

फोनवर मी नुसतं हूं-हूं करतो म्हणून तू चिडतेस. अगं, बोट केवढीशी! फोन लागतो तो सुकाणूपाशी, आणि तिथे सासरेबुवा ठाण मांडून असतात. म्हणून हे पत्र इथल्या किनाऱ्यावरच्या पिंपात टाकतोय. जुन्या खलाशांची रीत आहे. तिकीट लावायचं नाही. ज्याचं गाव जवळ, त्याने पत्र उचलायचं आणि स्वतः दारात नेऊन द्यायचं. पाहुण्यांना हा खेळ फार आवडतो.

तुझी भावजय याडिरा मजेत आहे.

तुझा एफ्रेन

२३ जून

ताई, पत्र पिंपातच आहे. ओसाकाचं गेलं, बर्लिनचं गेलं. आपल्याच देशातल्या अंबातोला मात्र कुणी जात नाही!

पाकीट फोडून पुढे लिहितो. याडिरा मजेतच आहे, पण तिकडे ग्वायाकिल शहरात, दुसऱ्याबरोबर. मी पडलो मुख्य भूमीवरचा. या बेटांवर राहायचा आणि गाइडचं काम करायचा हक्क मला लग्नामुळे मिळालाय. लग्न मोडलं की तोही गेला. बोटीचे मालक आणि कप्तान सासरेच. त्यांना गावात नाक राखायचंय आणि गाइडही हातचा घालवायचा नाही.

"जावईबापू, कागदावर नवरा आहात तोवर बेटावर आहात. तोंड मिटून पक्षी दाखवा."

"तोंड मिटून कसे दाखवू?"

"एवढी अक्कल आधी असती तर बायको नसती गेली."

हसलो मी. काय करणार?

काल अल्बट्रॉस पक्ष्यांची जोडी चोचीवर चोच वाजवत नाचताना दिसली. रात्री जेवताना एका आजींनी विचारलं, "यांची जोडी जन्मभराची का हो?" मी हो म्हणालो. "आणि तुमची?" समोर सासरे मासा सोलत होते. मी म्हणालो, "आमचीही."

ताई, जीव घुसमटतो गं. आणि हे पक्षी सोडून जायलाही पाय निघत नाही. एकदा गेलो की परत यायचं ते तिकीट काढून, दुसऱ्या गाइडच्या मागे.

७ जुलै

आज सासरेही किनाऱ्यावर उतरले होते. मी नेहमीसारखं ओरडलो, "अंबातोचं कुणी आहे का?" एका पाहुण्याने पाकीट उलटसुलट केलं. "हे कुठे आलं?"

सासऱ्यांनी माझं अक्षर ओळखलं. "कुठेही नाही. ठेवा परत."

मी पुढे होऊन पाकीट घेतलं. "माझं गाव आहे."

"नेलंत, तर या बोटीवर पुन्हा पाय ठेवायचा नाही."

"रीतच आहे ना, ज्याचं गाव त्याने न्यायचं."

ते पाठ फिरवून बोटीकडे निघाले. पाहुण्यांनी मात्र टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, खेळच चाललाय.

तेव्हा ताई, हे पत्र आणून देणाऱ्याला लगेच काही विचारू नकोस. आधी वाडगाभर बटाट्याचा लोक्रो वाढ, गरम. रडला तर रडू दे.

तुझ्या दारात उभा,
एफ्रेन