दोन काळ्या गिटारी आणि आत्याचा निकाल

तीर्थरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्षात वाकलो तर कंबर परत सरळ व्हायला नकार देते, म्हणून कागदावरच घालून घेतोय.) तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांचं घोरणं काय म्हणतंय? इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, फक्त एकमेकांशी बोलत नाही. त्याचंच कारण सांगायला बसलोय, पण आधी एक. ओल लागून तुझी गिटार पोटात चिरली, तू ती माळ्यावर टाकलीस आणि "झालं माझं वाजवून" असं जाहीर केलंस, हे आतोबांनी फोनवर सांगितलं. हल्ली भांडी विसळताना गुणगुणतही नाहीस म्हणे. मला फार वाईट वाटलं गं. जिने पट्टीने बोटं फोडून मला सूर शिकवला (वळ गेले, सूर कच्चाच राहिला), तिने असं गप्प बसावं हे मला मुळीच पटत नाही. असो. हा विषय काढला की तू फोन आपटतेस, पत्र आपटता येत नाही हे त्यातल्या त्यात बरं. आता माझं रडगाणं ऐक.

माझी लाकडी गिटारही गेली, लाँड्रीतल्या वाफेने. (दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी काउंटरमागे वाजवत बसायचो. तिची मान अशी काही वाकली की इस्त्रीवाल्या बाई तिला हँगर अडकवायला लागल्या.) म्हणून म्हटलं, आता कार्बन फायबरची घेऊ. ती ओलीला भीत नाही, वाफेला भीत नाही. दुकानदार म्हणाला, तुमच्या वाजवण्यालाही भिणार नाही. त्याने दोन मॉडेल पुढ्यात ठेवली. दोन्ही काळ्याकुट्ट, दोन्ही गुळगुळीत. फरक विचारला तर म्हणे एकीचा आवाज मोकळा आणि दुसरीचा भरदार. मी वाजवून पाहिल्या, तर मोकळी मला भरदार वाटली आणि भरदार मोकळी. शिवाय एकीची मान म्हणे किंचित बारीक. किंचित म्हणजे किती, असं विचारल्यावर त्याने डोळे मिटून हवेत चिमूट धरली. मीही धरली. बराच वेळ आम्ही दोघं हवेला चिमटे काढत उभे होतो. शेवटी तोच वैतागला, गोदामातून दोन नव्या खोक्यातल्या मागवल्या आणि म्हणाला, "दोन्ही घरी न्या, निवांत ठरवा, नको असेल ती शनिवारपर्यंत परत आणा." माणूस मोठा सज्जन आहे.

घरी आल्यावर धंद्याची सवय आड आली. लाँड्रीत कपडा आला की पहिली त्याला चिठ्ठी लावायची, मग बाकीचं. तशा मी दोघींच्या मानेला कापडी चिठ्ठ्या बांधल्या, एकीवर 'मोकळी', दुसरीवर 'भरदार'. मग सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मागून वाजवून दाखवलं. बायको पहिलीच्या प्रेमात पडली. सासरेबुवांनी (कानातलं यंत्र काढून, म्हणजे मन शांत राहतं) दुसरीला मत दिलं. लेक म्हणाली, गिटार कुठलीही घ्या, वाजवणारा बदला. पहिली चांगली की दुसरी यावरून असा कडाक्याचा वाद पेटला की मला सांगायचा धीरच झाला नाही: दोन्ही वेळेला मी एकच गिटार वाजवली होती. दुसरीला सासरेबुवा पाठ टेकून बसले होते.

तेवढ्यावर भागलं असतं. पण सासरेबुवांना 'ओलीला भीत नाही' या बोलण्याचा संशय होता. मी कामावर गेल्यावर त्यांनी दोघींना कपड्यांच्या टबात आंघोळ घातली. गिटारींना काहीएक झालं नाही. झालं ते चिठ्ठ्यांना. लाँड्रीत आम्ही न जाणारी शाई वापरतो, पण घरी मी लेकीच्या पेनाने लिहून बसलो होतो! चिठ्ठ्या कोऱ्या करकरीत. आता मोकळी कोण आणि भरदार कोण, देव जाणे. मी सवयीने दोघींच्या मानेचा वास घेतला (बेवारशी शर्टाची कॉलर मी अशीच ओळखतो). दोघींना साबणाचा वास. बायको म्हणाली, "जगाचे पांढरे शर्ट ओळखता आणि घरातल्या दोन गिटारी ओळखता येत नाहीत?" तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. आणि शनिवार तर तोंडावर आलाय.

तेव्हा आत्या, आता तूच. स्वयंपाकघरातून, फोडणीच्या आवाजातून, माझी कुठली तार उतरली ते तू ओरडून सांगायचीस. तो कान काही माळ्यावर गेलेला नाही. एक गिटार पार्सलने पाठवली आहे, एक माझ्याकडे ठेवली आहे. वाजवून बघ आणि तुझ्याकडची मोकळी की भरदार ते कळव. आतोबांना नमस्कार सांग.

तुझा,
बेसूर भाचा

ता. क. निकालाची घाई नाही. शनिवारचं मी बघतो. एकदा वाजवून असले बारकावे कळत नाहीत, रोज वाजवावं लागतं. सकाळी एकदा, दिवेलागणीला एकदा. दोन-तीन वर्षं लागली तरी माझी हरकत नाही.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवता चिकटवता दुकानदाराचा फोन आला. गोदामातून चूक झाली म्हणे, दोन्ही खोक्यांत एकच मॉडेल होतं. मी त्याला ठणकावून सांगितलं, "आमच्या आत्याचा निकाल आल्याशिवाय आम्ही काहीही मान्य करणार नाही."