धोंड्याच्या जेवणाले दोन अॅम्प

२० मे
राग सोडला. आजपासून कोणालेच वाईट बोलायचं नाई. साडू श्याम सोडून, तो हिशोबात येत नाई. अकोल्याचा मास्तर. मागच्या बारीले मोठ्या गाडीत गाणं धमधम वाजवत तेल्हाऱ्याले सासुरवाडीत शिरला, तं सारी गल्ली पाहायले बाहेर. मोठा जावई मी. माह्यासाठी कधी कुत्रं उठलं नाई.
यंदा अधिक महिना. ३१ ले धोंड्याचं जेवण, दोन्ही जावयाले बोलावणं. बायको साधना पोरगी पिंकीले घेऊन महिन्याभरापासून माहेरीच बसून हाय. तिच्या मते मले माणसाशी बोलता येत नाई.
प्लॅन: गाडीत सब-वूफर, धमक काढणारा मोठा स्पीकर. मी गल्लीत शिरलो का मांडणीवरचे भांडे वाजले पाहिजे. साधना सोताहून बॅग घेऊन गाडीत बसन.

२२ मे
खुशालच्या दुकानात गेलो. गाड्यांचे साउंड बसवते. म्हणे सबमध्ये दोन कॉइल हायेत, पण आवाज वाढवणारा अॅम्प चांगला असला तं एक पुरते. श्यामकडे एक हाय, म्हणून मी दोन घेतले. एका कॉइलले एक. खुशाल म्हणे सोमवारी जोडून देतो. सोमवारलोक वाट पाहायले मी काय रिकामा हाय? व्हिडिओ पाहून सोता जोडीन.

२४ मे
डिक्कीत सीएनजीची टाकी. सब-वूफरचा डबा मागच्या सीटवर ठेवला, बेल्ट लावला. पूर्ण सीट गेली. दिसते झकास.
साधनाचा फोन. म्हणे पिंकी कुठी बसन? मी म्हटलं आधी आवाज कसा हाय ते तं विचार. फोन कट. तेल्हाऱ्याले नेटवर्कच नाई.

२७ मे
ऊन असं का स्टेअरिंगले हात लावता येत नाई. वायरिंग पूर्ण. खुशालनं फोनवर विचारलं, प्लस-मायनस पाहिलं का. मले प्लस-मायनस शिकवते. झापला त्याले.
एक-एक अॅम्प लावून पाहिला. दोन्ही जबरदस्त. शेजारचे शेषराव भांडायले आले, त्यायची बोलती बंद केली. (यात राग नव्हता.) दोन्ही संगं लावले नाई. तो मान तेल्हाऱ्याचा.

३१ मे
गल्लीच्या तोंडाशी दोन्ही अॅम्प चालू केले. धमक गायब. नुसती चिवचिव. आवाज फुल केला, तरी तेच. सारे ओट्यावर उभे राहून पाहून राहिले होते.
श्याम आला, मागं डोकावला. म्हणे भाऊ, एका अॅम्पचे वायर उलटे लागले. एक कॉइल पडदा बाहेर ढकलते, दुसरी आत ओढते. दोघायच्या भांडणात आवाज मेला.
साधना म्हणे, असं घर मी पाहिलं हाय. सासूबाई तोंडाले पदर लावून हसल्या. यात हसण्यासारखं काय होतं?
मी श्यामले त्याची लायकी सांगतली. सासरे किसनराव म्हणाले, सुंभ जळला तरी पीळ गेला नाई. जेवणाच्या आधी जावयाले असं बोलतेत. श्यामनं माह्या देखत वायर फिरवले अन् धमक सुरू झाली. पण सारे आधीच ओट्यावर, बाहेर यायले घरात कोणी उरलंच नव्हतं.
निघताना पिंकीनं विचारलं, मी कुठी बसू. मी म्हटलं आईच्या मांडीवर, थेट घरी अमरावतीलोक. साधना आत गेली ते बाहेर आलीच नाई.
चांदीचा दिवा, अनारसे, डबा अन् मी परत.

४ जून
साधनाचं एकच वाक्य: डबा तरी ठेवा, नाई तं आमाले. मी म्हटलं विचार करतो. मंग पिंकी बोलली. म्हणे बाबा, मावसाजीची डिक्की रिकामी हाय, तिथी ठेवा ना.
पोरीसाठी माणसानं मन मोठं करावं. डबा, दोन्ही अॅम्प, सारं श्यामले देतो. उपकार म्हणून.

५ जून
अकोल्याले नेऊन देलं. त्यानं लगेच जोडलं. ऐकायले थांबलो नाई.

७ जून
दोघीले घ्यायले तेल्हाऱ्याले निघालो, तं गाडी चालूच होईना. त्या दोन अॅम्पनं आधीच बॅटरी पिऊन टाकली होती. श्याम म्हणे मी आणून सोडतो.
दुपारी माह्या गल्लीच्या तोंडापासून धमक आली. माह्या मांडणीवरचे भांडे वाजले. शेषराव बाहेर, सारी गल्ली बाहेर. पुढं साधना, मागच्या सीटवर पिंकी, पाय पसरून.
दार मीच उघडलं. रागात काहीच बोललो नाई, हे लिहून ठेवतो. श्यामले चहा देला, मुद्दाम बिनसाखरेचा.
त्यानं सारा चहा पेला. म्हणे भाऊ, मले शुगर निघाली हे फक्त तुमच्या ध्यानात राहिलं.