लिंबाची पुसलेली पानं

प्रिय बये,

फोन ठेवलास ते ठेवलास, वर 'राँग नंबर' म्हणायची काय गरज होती? तुझ्यासमोर तेव्हा सासू बसली होती की नवरा, मला ठाऊक नाही. पण इकडे फोन तुझ्या लेकीच्या, मुंगीच्या, कानाला होता. पाळणाघराच्या बाईंनी स्वतःचा फोन दिला, नंबर स्वतः लावून दिला, आणि पोर फक्त "आई" एवढंच म्हणाली होती. तिने फोन बाईंना परत दिला आणि सांगितलं, नंबर चुकला. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी फरशी पुसत होते, ती पुसत राहिले. आता तू म्हणशील, आईने पहिल्याच ओळीपासून तोंड सोडलं. सोडलंच. चौथीत शाळा सुटलेल्या बाईकडून गोड गोड पत्रं येत नसतात. वर प्रिय लिहिलंय, तेवढ्यात भागव.

फोन तिने उगाच लावला नव्हता, ते सांगते. पाळणाघराच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ मोडक्या खुर्च्या टाकलेल्या असायच्या, आठवतं? तिथे बाईंनी मुलांना हाताशी घेऊन फुलपाखरांसाठी बाग करायचं काढलं. मला आधी रागच आला. अकरा मुलं, बावीस चिखलाचे पाय आणि पुसायला मी एकटी. पण माझं ऐकतंय कोण. प्रत्येकाने घरून काहीतरी फुटकं-तुटकं आणायचं आणि त्यात माती भरून रोप लावायचं. एकाने बापाचा चांगला बूट आणला. बाप दोन दिवस उरलेला बूट हातात घेऊन घरभर फिरत होता म्हणे. आता त्या बुटात झेंडू फुललाय आणि बापच येऊन त्याला पाणी घालतो. आपल्या मुंगीने काय न्यावं? तुझी कपडे भिजवायची निळी बादली, एका बाजूने कडी तुटलेली. मी नको म्हटलं तर दोन्ही हातांनी कवटाळून बसली.

त्या बादलीत तिने लिंबाचं रोप लावलं. बाईंनी सांगितलं होतं की फुलपाखराला नुसती फुलं देऊन भागत नाही, अंडी घालायला त्याचं ठरलेलं पान लागतं. कुणाला लिंबाचं, कुणाला आणखी कसलं. पिल्लांच्या खाण्याची सोय बघून ते अंडी घालतं आणि उडून जातं. मुंगीने विचारलं, मग परत येतं का? बाई काय म्हणाल्या ते मला कळलं नाही, मी आत मोरी धूत होते.

दोन महिन्यांपूर्वी तू शेवटचं बोललीस, तेव्हा ती कधी येतेस, कधी येतेस करून तुझ्या मागे लागली होती. तू सुटका करून घ्यायला म्हणालीस, तुझ्या बागेत फुलपाखरं आली की येते. तू विसरलीही असशील. तुला वाटलं असेल, फुटक्या बादलीत कुठली येतायत फुलपाखरं. ती विसरली नाही. रोज सकाळी आधी बादलीपाशी जायची, मग दप्तर ठेवायची. पानावर काही दिसलं की मोजायची. मला सांगायची नाही, कारण मी ऐकते कुठे.

गेल्या मंगळवारी पाळणाघर तपासायला कोणी साहेब यायचे होते. मला सांगितलं, मागचं जरा नीट करा. मी लवकर जाऊन खुर्च्या रचल्या, टाकीभोवती झाडलं. बघते तर लिंबाच्या पानांवर पक्ष्यांनी घाण केलेली. काळपट, मध्ये पांढरी, ओलसर. वीस वर्षं मी लोकांची घाण पुसतेय, मला ती ओळखायला चष्मा लागत नाही. साबणाचं पाणी घेतलं, फडकं घेतलं आणि एकेक पान तळहातावर धरून पुसलं, वरून आणि खालून. म्हटलं, पोरीचं झाड आहे, चकचकीत दिसू दे. साहेब काही आलेच नाहीत. मुलं आली. मुंगी बादलीपाशी बसली ती बराच वेळ उठेना. रडली नाही. मला म्हणाली, "आजी, ती घाण नव्हती. अळ्या होत्या. सात."

लहानपणी अळीचा रंग तसाच असतो, पक्ष्याने घाण समजून सोडून द्यावं म्हणून. बाईंनी मला हळू आवाजात समजावलं. पक्षी सोडून देतो आणि मी पुसून टाकलं. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी चार शब्द उलटे ऐकवून मोकळी झाले असते. दिवसभर अकरा पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी घासलेलीच मोरी पुन्हा घासत होते. पुसलेलं परत पानावर कसं ठेवायचं?

त्याच दुपारी तिने बाईंकडे फोन मागितला. तुला काय सांगायचं ते आधी बाईंना म्हणून दाखवलं होतं, चांगलं पाठ केलं होतं. फुलपाखरं आता येणार नाहीत, पण माझी चूक नाही, आजीची आहे, म्हणून तू तरी ये. तू तिला 'आई'च्या पुढे जाऊच दिलं नाहीस. दोन दिवसांनी वेणी घालताना माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आवाज आईचाच होता."

तुला फैलावर घेतलं की मला हलकं वाटेल, असं समजून हे लिहायला बसले. पण आता इथवर आले तर लबाडी किती करू. तुझ्या लग्नाचं स्थळ मी आणलं होतं. तू त्यांना पोरीचं सांगायचं म्हणत होतीस, दोन दिवस जेवली नव्हतीस. मीच म्हणाले, मुलीचं आत्ता काढू नकोस, आधी घरात रूळ, मग बघू. तू स्वच्छ दिसावीस एवढंच माझ्या मनात होतं. त्या 'मग बघू'ला दीड वर्ष झालं. आता सांगितलंस तर ते तुला ठेवतील की हाकलतील, मला माहीत नाही. न सांगता ही पोर किती दिवस धीर धरेल, तेही माहीत नाही.

आणि आता हे झालंय. शुक्रवारी बादली सरकवली, तर तुटक्या कडीच्या खाली एक कोष दिसला. आठवी अळी. तिने मोजलेली नव्हती आणि माझं फडकंही तिला लागलं नव्हतं. बाई म्हणतात, येत्या शनिवार-रविवारी उघडेल. मुंगी स्टूल घेऊन तिथे राखण करते, मला फडकं घेऊन त्या बाजूला फिरकू देत नाही. फुलपाखरू बाहेर आलं की ती फाटकाकडे बघणार, बये. ये म्हणायला मला तोंड नाही आणि येऊ नको म्हणायला जीव होत नाही. घाबरू नकोस, पत्र तुझ्या शिलाईच्या दुकानावर टाकतेय, घरी नाही. आज सोमवार आहे. शुक्रवारी दुपारी दोन वाजता मुलं झोपलेली असतात, बाईंचा फोन माझ्या हातात असेल. येणार की नाही, ते तेव्हा सांग. नसशील येणार, तर तिला काय सांगू तेही तूच सांग, मला सुचत नाही. शुक्रवारीच सांग. शनिवारपासून ते माझ्या हातात नाही.

तुझीच, चुकलेली,
आई